टेस्टिंगची गिटार

माझा अ‍ॅम्प जळला ते बरंच झालं, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत असे. आता कुणी विचारत नाही आणि विचारलं तरी मी विषय बदलतो.

त्या वेळी मी पनवेल-उरणकडच्या हळदींमध्ये गिटार वाजवायचो. दिवसा तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये नोकरी आणि लग्नसराईत रात्रीचे कार्यक्रम. आमच्या या पट्ट्यात लग्नापेक्षा हळद मोठी असते. अख्खं गाव जेवायला, मंडप, स्टेज, आणि स्टेजवर ऑर्केस्ट्रा. दोन गायक, एक गायिका, कीबोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड, बेंजो आणि एका कोपऱ्यात मी. बेंजो सुरू झाला की सगळा गाव नाचायला उठायचा आणि त्यात माझी गिटार कुठे गेली ते देवालाच ठाऊक. आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीचे मालक उरणकडचे, स्वतः ढोलकीवर बसायचे. ते मला स्पष्टच सांगायचे, "तुमी आवाज कमी ठेवा, पन पुढं उभे ऱ्हावा. गिटार दिसाला बरी दिसते."

म्हणजे बघा, मी दिसायला होतो! दहाएक वर्षं मी असा दिसत राहिलो. वाजवत होतो बरं का, खरंखुरं, एकही सूर न चुकता. पण ते कुणाला ऐकू गेलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही गेलं नाही. गिटार तरी कसली? मुंबईच्या बाजारातून उचललेली, तारा लाकडापासून इतक्या उंच की दाबता दाबता बोटांना खाचा पडायच्या. दुसऱ्या दिवशी स्टोअर्समध्ये नट-बोल्ट मोजताना बोटं ठणकायची. तरी सोडवत नव्हतं. कॉलेजात असताना गिटार शिकलो तेव्हापासून एकच वेड डोक्यात होतं की एक दिवस आपला आवाज सापडेल. कसला आवाज, ते कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

एका हळदीत जनरेटरवाल्याने काय उद्योग केले देव जाणे, भप्पकन वास आला आणि गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या माझ्या अ‍ॅम्पमधून धूर निघाला. कार्यक्रम तसाच चालू राहिला. माझा आवाज बंद पडलाय हे स्टेजवरच्या एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. मी हात हलवत उभा राहिलो आणि नेहमीसारखा दिसलो.

तो अ‍ॅम्प घेऊन मी चाचांकडे गेलो. पनवेल गावात, तळ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं रिपेअरिंगचं दुकान होतं. चाचा कोकणी मुसलमान, आमच्याइतकंच स्वच्छ मराठी बोलणारे, मध्येच एखादा उर्दू शब्द टाकणारे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी आखातात एका मोठ्या हॉटेलच्या मेंटेनन्समध्ये काढली होती. परत आल्यावर दुकान टाकलं. टीव्ही, मिक्सर, मशिदीचा भोंगा, गणपती मंडळाचे स्पीकर, सगळं त्यांच्याकडे यायचं. आत शिरलं की उघडलेल्या टीव्हींची रांग आणि डिंक जाळल्यासारखा सोल्डरिंगचा वास. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी माझ्या अ‍ॅम्पचा मागचा पत्रा काढला, आत बघितलं आणि म्हणाले, "हे कुणी केलं? त्याला फाशी द्या."

तिथेच आमचं जमलं.

चारेक दिवसांनी अ‍ॅम्प घ्यायला गेलो तर म्हणाले, "थांब, टेस्ट करून देतो." आणि मागच्या फळीवरून, एका जुन्या चादरीत गुंडाळलेली गिटार काढली. चाचांना गिटार वाजवता येत नव्हती. हॉटेलात एक फिलिपिनो माणूस बँडमध्ये वाजवायचा, तो नोकरी सोडून घरी निघाला तेव्हा बॅगेचं वजन जास्त झालं म्हणून ती चाचांच्या गळ्यात मारून गेला. तेव्हापासून ती दुकानात टेस्टिंगला. चाचा वायर जोडायचे, सगळ्या तारांवरून एकदा अंगठा फिरवायचे, आवाज आला की "चालू आहे" म्हणून वायर काढायचे. तेवढंच तिचं काम.

मी म्हटलं, "बघू द्या हो जरा."

दिसायला अगदी टाकाऊ होती. कधीकाळी पांढरी असावी, आता चहा सांडलेल्या कागदासारखी झाली होती. कडेचा रंग उडून लाकूड दिसत होतं. वरचं कंपनीचं नाव घासून घासून गेलेलं. जिथे डावा हात धरतो, ती मान चांगली जाडजूड, आणि तिच्या मागचं पॉलिश त्या फिलिपिनोच्या तळव्याने पार खाऊन टाकलं होतं. आतलं उघडं लाकूड लागत होतं हाताला, वर्षानुवर्षं वापरलेल्या लाटण्यासारखं.

मी हात ठेवला आणि दचकलोच. हाताला काही करावंच लागेना. इतकी वर्षं मी तारांशी मारामारी करत होतो, आणि इथे बोट नुसतं टेकवलं की सूर हजर. तार वर ओढली तर ती हव्या त्या सुरापर्यंत जाऊन तिथेच थांबली, मी सोडेपर्यंत थांबली. हलकं वाजवलं तर हलकं, जोरात वाजवलं तर जराशी चिडल्यासारखी. मागे एक बारीकशी घूं घूं सतत चालू होती, जुन्या वायरिंगची. ती घूं घूंसुद्धा मला आवडली. मी काही गाणं-बिणं वाजवलं नाही. एकच सूर चार-पाचदा वाजवला. आणि मला चक्क रडू यायला लागलं. तिशी उलटलेला माणूस, बायको घरी, उद्या फर्स्ट शिफ्ट, आणि मी टीव्हीच्या रिपेअरिंगच्या दुकानात स्टुलावर बसून नाक ओढतोय. हाच तो आवाज. कॉलेजपासून डोक्यात होता तो. माझाच होता, नुसता अडकून पडला होता कुठेतरी.

चाचा म्हणाले, "काय रे, करंट लागला की काय?"

मी त्याच क्षणी विचारलं, विकता का? ते हसले. "हे दुकानाचं हत्यार आहे बाबा. हत्यार विकलं तर मी टेस्टिंग कशावर करू? तुझ्या डोक्यावर?" मी गयावया केली. त्यांनी मान हलवली ती हलवलीच. मग माझं तोंड बघून म्हणाले, "पण ये की. कधीही ये. बसून वाजव. मलाही रेडिओपेक्षा बरं."

मग मी जायला लागलो. खांदा कॉलनीतून सायकलवर, कामावरून आल्यावर, आठवड्यातून दोनदा, तीनदा, कधी रोजच. चाचा सोल्डरिंग करत बसायचे आणि मी पाठमोरा, उघड्या टीव्हींच्या मध्ये जागा करून. गिऱ्हाईक आलं की मी थांबायचो, गेलं की पुन्हा सुरू. बायको दारात उभी राहून म्हणायची, "निघालात का सवतीकडे? तिला म्हणावं, परत पाठवताना अर्धा किलो कांदे दे." मी कांदे विसरायचो. मग घरी आल्यावर कांद्यावरून व्हायचं ते व्हायचं. पण तिने मला एकदाही जाऊ नका म्हटलं नाही. एक-दोनदा तीही आली, दुकानाच्या पायरीवर बसून ऐकलं. परत जाताना म्हणाली, "तुम्ही असं वाजवता हे मला माहीतच नव्हतं." मी म्हटलं, मलाही नव्हतं.

मी दुसरी तशी शोधलीही. शोधली नाही असं नाही. मुंबईला जाऊन दुकानं पालथी घातली. चकाचक गिटारी, काचेच्या कपाटातल्या, एकेक नाव असलेल्या. विक्रेते खाली काढून द्यायचे, मी हात ठेवायचो आणि दोन मिनिटांत परत करायचो. चांगल्या होत्या हो, वाईट नव्हत्या. कुणी म्हणेल माणसाची सवय असते. मला सवयीचं सांगू नका, माझ्या गिटारीची मला दहा वर्षांची सवय होती आणि तरी ती मला काडीचीही दाद देत नव्हती! शेवटी एका दुकानदाराने मला सरळ विचारलं, "काका, घ्यायचीय की नुसते हात लावून बघताय?" मी तोंड लपवून बाहेर पडलो. पहिल्यांदा कुणी मला काका म्हटलं ते तिथेच.

दोन हजार दहाच्या आसपास आमची पार्टी बंद पडली. हळदीत सगळ्यांना डीजे हवा झाला. एक टेम्पो, भिंतीएवढे स्पीकर, एक माणूस, खेळ खलास. मालकांनी सगळ्यांना घरी बोलावून मच्छीचं जेवण घातलं आणि म्हणाले, "तुमी मनाला लावून घेऊ नका, पन आता जमाचा नाय." ढोलकी त्यांनी भिंतीला टांगून टाकली. बेंजोवाला रिक्षा चालवायला लागला, कामोठ्याच्या स्टँडवर अजून दिसतो. मला खरं तर वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. माझं वाजवणं आता स्टेजवर नव्हतंच मुळी. ते त्या गल्लीत होतं, त्या फळीवर, चादरीत. तेवढं एक होतं माझं. मुलं झाली नाहीत, नोकरीत वर चढलो नाही, त्याचंही फार काही वाटेनासं झालं होतं, कारण संध्याकाळी जायला एक जागा होती.

मग चाचांचं दुकान हलायला लागलं. फ्लॅट टीव्ही आले, ते बिघडले की लोक टाकून नवे घ्यायचे. मिक्सरही कुणी दुरुस्तीला टाकेना. त्यातच ती चाळवजा इमारत पाडून तिथे टॉवर करायचं ठरलं. चाचींचे गुडघे गेलेले, चाचांना नीट दिसेना. मुलगी श्रीवर्धनला दिलेली, ती सारखी बोलवत होती. एका संध्याकाळी मी गेलो तर फळ्या रिकाम्या झालेल्या. मी आधी फळीच्या त्या टोकाला बघितलं. चादर होती.

चाचांनी ते पाहिलं. "घाबरू नको," म्हणाले. "ती तुझीच आहे. आता टेस्टिंग करायला राहिलंय काय?"

मी वाकून त्यांच्या पाया पडायला गेलो तर त्यांनी मध्येच धरलं, "अरे अरे, हे काय!" मी म्हटलं, पैसे घ्या. ते खवळले. मी म्हटलं, बरं नाही, चुकलो, अशीच नेतो. आणि चादरीला हात घातला.

"अशीच?" चाचांनी माझा हात बाजूला केला. "अशी कुणी देतं का? ही अवस्था बघ तिची. वापरलेली, घासलेली वस्तू माणसाच्या हातात दिली तर ती खैरात झाली. खैरात फकिराला देतात. तुला मी तोहफा देणार. आम्ही तिकडनं येताना कुणाला कधी उघडी वस्तू आणलेली नाही. साबण आणला तरी कागदात. थांब आठवडाभर."

"चाचा, मला अशीच आवडते," मी म्हटलं.

"तुला काय, तू दगडही आवडीने घेशील माझ्याकडनं," ते म्हणाले आणि हसले. "मला माझी इज्जत आहे की नाही?"

मला वाटलं, पुसतील, नव्या तारा लावतील, एखादी पिशवी शिवून घेतील. चाचींच्या हातची शिवण असेल तर तेही चालेल. म्हटलं, थांबू की. इतकी वर्षं थांबलो.

तो आठवडा मी जमिनीवर नव्हतो. माझी जुनी गिटार मी कारखान्यातल्या एकाला देऊन टाकली, त्याला बिचाऱ्याला शिकायची हौस होती. बायकोने पलंगाशेजारची शिलाई मशीन उचलून गॅलरीत नेली, "तुमच्या सवतीला जागा नको का!" म्हणाली. भिंतीवर खिळा कुठे मारायचा यावरून आम्ही दोन दिवस भांडलो. मी ऑक्टोपॅडवाल्याला फोन केला, इतक्या दिवसांनी. म्हटलं, ये रे घरी, दोघं बसू. तो म्हणाला, काय झालंय तुला? मी म्हटलं, मला गिटार मिळाली. मध्येच एकदा राहवलं नाही म्हणून गल्लीत चक्कर मारली तर दुकानाचं शटर खाली. चाचांना फोन केला तर म्हणाले, "नवरीला आदल्या दिवशी बघत नाहीत." आणि ठेवून दिला.

श्रीवर्धनला निघायच्या आदल्या शुक्रवारी त्यांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. चाचींनी सांदणं केली होती आणि मटणाचा रस्सा. घरभर खोकी बांधलेली, तरी जेवणाचा दस्तरखान नीट अंथरलेला. मी जेवलो की नाही मला आठवत नाही. जेवण झाल्यावर चाचा आतल्या खोलीत गेले आणि दोन्ही हातांवर आडवी धरून ती घेऊन आले. चंदेरी कागदात गुंडाळलेली, वर लाल रिबीन. चाची तोंडावर पदर धरून हसत होत्या.

मी कागद फाडला नाही, सोडवला. चिकटपट्टी एकेक करून काढली. आतून जे बाहेर आलं ते मी आधी ओळखलंच नाही.

गडद लाल. आरशासारखी. खारघरच्या टॉवरांमध्ये दरवाजांना पॉलिश करणारा त्यांच्या ओळखीचा कारागीर होता, त्याने सगळं लाकूड खरवडून काढून सात हात मारले होते. पुढून, मागून, मानेलाही. माझा तळवा मानेवर ठेवला तर चिकटला. आणि मान बारीक झाली होती. मी पुन्हा धरून बघितली, वाटलं पॉलिशमुळे तसं लागत असेल. नाही. बारीकच झाली होती.

"जाड होती ना फार," चाचा म्हणाले. "तुझ्या हाताला जड जायची. त्याला सांगितलं, तास जरा. सुतार माणूस, मापात तासलीय बघ." मग त्यांनी तारांखालच्या पट्ट्या दाखवल्या. जुन्या झिजून गेल्या होत्या, म्हणून सगळ्या उपटून नव्या ठोकल्या होत्या, मुंबईच्या एका बेंजो बनवणाऱ्याकडून. जाड, चकचकीत. "आणि ती घूं घूं होती ना," चाचा पुढे वाकून म्हणाले, आता हे त्यांचं स्वतःचं काम होतं, आवाज अभिमानाने बारीक झाला होता, "ती कायमची घालवली. आतलं सगळं काढलं मी. तारांखालचे पिकअप, वायर, सगळं. नवीन टाकलं. डोळ्याला भिंग लावून सोल्डर केलं. माझं शेवटचं काम."

"जुनं कुठे आहे?" मी विचारलं. शक्य तितकं सहज विचारलं.

"भंगारवाल्याला दिलं. काय करायचंय? दुकानातलं सगळंच दिलं त्याच दिवशी."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथेच फुटलो असतो.

"वाजव ना," चाचा म्हणाले. त्यांनी छोटा स्पीकर आधीच जोडून ठेवला होता. चाचीही पलीकडे खुर्ची ओढून बसल्या. मी पट्टा गळ्यात घातला. नवा पट्टा, चामड्याचा. पहिला सूर वाजवला. स्वच्छ आवाज आला, घूं घूं नाही, खरखर नाही, काही नाही. तार ओढली तर ती मध्येच पट्टीला अडली आणि सूर मेला. दुसरीकडे ओढली, तिथेही तेच. हात मानेवरून पुढे सरकेना. मी जागा बदलल्या, सोपं वाजवलं, जे अजिबात अडत नव्हतं तेवढंच वाजवलं. आतून सारखं वाटत होतं की आत्ता सापडेल, पुढच्या सुरावर सापडेल, कुठेतरी असणारच ती, इतकी कशी जाईल? नव्हती. कुठेच नव्हती. अर्धा तास मी वाजवलं. चाचांनी डोळे पुसले.

"कशी झालीय?"

"फार सुंदर झालीय चाचा," मी म्हटलं.

घरी येताना आम्ही रिक्षा केली. गिटार मांडीवर आडवी, चंदेरी कागद बायकोच्या हातात घडी घालून. खांदा कॉलनीच्या सिग्नलला ती म्हणाली, "सांगायचं होतंत." मी म्हटलं, काय सांगायचं होतं? तिने कागदाची आणखी एक घडी घातली. मला तिचा राग आला, चाचांचा आला, त्या सुताराचा तर इतका आला की तो समोर असता तर मी त्याला तासला असता. आणि कुणाचीच काही चूक नव्हती. हेच तर डोकं फिरवणारं होतं. कुणावर एकदा मनसोक्त ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या महिन्यात मी ती मुंबईला एका गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. भला माणूस होता. त्याने बराच वेळ उलटीसुलटी करून बघितली. पॉलिश काढता येईल म्हणाला, पट्ट्या बदलता येतील, पिकअपही टाकू दुसरे. मग मानेवर अंगठा फिरवत म्हणाला, "पण हे गेलेलं लाकूड मी कुठून आणू? ते परत लावता येत नाही हो." मी म्हटलं, माहीत आहे. मग आलात कशाला, असं त्याने विचारलं नाही, हे त्याचे उपकार. ऑक्टोपॅडवाला घरी आला, एकदा बसलो, चहा घेतला, तो गेला. पुन्हा त्याला मी बोलावलं नाही. ती खिळ्यावर टांगलेली असते. येणारेजाणारे म्हणतात, वा, काय मस्त आहे, नवीन घेतली का?

मी इतर गिटारी बघणं सोडून दिलं. लोक म्हणतात, शोधत राहावं, सापडते दुसरी. सापडत नाही. मला माहीत आहे मला काय हवंय, अगदी हाताच्या तळव्याला माहीत आहे, आणि ते या जगात आता नाही. कुणाला हे रडगाणं वाटेल. वाटू दे. संध्याकाळी कामावरून येतो, चहा घेतो, टीव्ही बघतो. बायको मुद्दाम मला कांदे आणायला पाठवते, तेवढाच बाहेर जातो म्हणून. मी आणतो. आता विसरत नाही.

चाचांचा फोन दर ईदला यायचा. श्रीवर्धनला समुद्र आहे, नारळ आहेत, आणि करायला काही नाही, असं म्हणायचे. डोळे जवळजवळ गेलेले. दर वेळी विचारायचे, वाजवतोस ना? मी म्हणायचो, वाजवतो. एकदा म्हणाले, "आज ऐकव. कान अजून शाबूत आहेत माझे."

मी ती खिळ्यावरून काढली, धूळ पुसली. बायकोने मोबाइल स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवला आणि ती आत निघून गेली. मी वाजवलं. दोन-तीन मिनिटं, जे येत होतं ते. सरळसोट, न अडता. मला काहीच वाटलं नाही. थांबलो आणि मोबाइलकडे वाकलो.

"माशाल्ला," चाचा म्हणाले. "किती आरामात वाजवतोस आता. कसं सरळ वाजतंय. तुला सांगू, दुकानात वाजवायचास तेव्हा मला बघवायचं नाही. समोरच्या टीव्हीच्या काचेत तुझं तोंड दिसायचं मला. डोळे गच्च मिटलेले, दात आवळलेले, कधी कधी पाणी यायचं डोळ्यांतून. मी चाचीला घरी जाऊन सांगायचो, त्या मोडक्या लाकडावर पोराला किती त्रास होतो. तेव्हाच ठरवलं होतं, तुझ्या हातात द्यायची ती नीट करूनच द्यायची. खूप त्रास व्हायचा ना तुला?"

मी म्हटलं, "हो चाचा. फार व्हायचा."